साहेबांची टिचबटणं

माझ्या मावसभावाला सगळी गल्ली साहेब म्हणते. त्यांना कुणी कधी ऑफिसात पाहिलेलं नाही, कारण ते कधी ऑफिसात गेलेलेच नाहीत. पण बेचाळिशीच्या या माणसाच्या अंगात सकाळी जो शर्ट असतो, तसा समोरच्या बँकेच्या मॅनेजरच्याही अंगात नसतो. कॉलर ताठ, खांद्याची शिवण खांद्यावर, बाही मनगटाशी बरोबर संपलेली. असा कडक कपड्यातला माणूस दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, बरं आहे ना?" विचारतो. लोकही "हो साहेब, बरंय" म्हणतात आणि पुढे जातात. मीसुद्धा लहानपणापासून त्यांना अहोजाहोच करते. ते मला छोटी म्हणतात.

शर्ट शिवते ती माझी मावशी, साहेबांची आई. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, मधोमध कापडं कापायचं टेबल, भिंतीला मापाची टेप आणि तिच्या जिभेला कात्रीची धार. गिऱ्हाईक म्हणालं, "पोटाशी जरा सैल ठेवा," तर ही म्हणणार, "पोटच कमी करा, कापड वाचेल." नाकावर माशी बसू द्यायची नाही. मावशीचे यजमान, साहेब लहान असतानाच गेले. वारले नाहीत, घर सोडून गेले. त्यांचा विषय निघाला की मावशी दोरा कात्रीऐवजी दाताने तोडते, मग कुणी पुढे विचारत नाही.

आता शर्टाचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या शर्टाचंच आहे. साहेबांच्या शर्टाला समोर सहा बटणं दिसतात. ती नुसती दिसण्यापुरती. काजं शिवून बंद केलेली, त्यावर बटणं टाकून पक्की केलेली, आणि आतल्या पट्टीत टिचबटणं. साहेबांनी दोन्ही कडा जवळ आणून दाबल्या की टच, टच, टच, झालं. पँटला पुढे झोकात हुक, पण तोही खोटा. आत पट्ट्याखाली इलॅस्टिक. शर्टाच्या डाव्या बाहीत आतून लाल दोऱ्याची गाठ, म्हणजे कुठला हात कुठे घालायचा ते बोटांना कळावं. मानेच्या मागे मऊ कापडाची फीत, म्हणजे पुढचं मागे व्हायला नको. बूट बिनलेसचे. बाहेरच्याला यातलं काही दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मावशीने ही मूठ चाळीस वर्षं उघडली नव्हती.

आम्हा घरच्यांना हे माहीत होतं. पण रोजची गोष्ट माणूस बघायचं सोडून देतो. मला तर कधीकधी खरंच वाटायचं, की साहेबांना शर्ट घालता येतो.

मुठीत आणखी एक गोष्ट होती. साहेबांचं बोलणं दोन मिनिटांपुढे गेलं, की नवख्या माणसाच्या कपाळावर आठी पडायची. मग मावशी मशीन न थांबवता सांगायची, "लहानपणी फार हुशार होता हो. बाविसाव्या वर्षी ताप आला, डोक्यात गेला." लोक चुकचुकायचे. ही तापाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की थर्मामीटरचा आकडासुद्धा मला पाठ झाला होता.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. त्यामुळे मावशीचं काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा मला दिसलं. टेबलावरचा कप तिच्या डाव्या हाताला होता आणि ती "चहा आणलास का गं?" म्हणून विचारत होती. मग एकदा सुई बोटात गेली. जुन्या जाणत्या शिंपिणीच्या बोटात सुई जाते म्हणजे काय! मी तिला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, "थेंबांनी उरलेलं टिकवता येईल. गेलेलं परत येत नाही." त्यावर मावशीने स्वतःबद्दल एक शब्द विचारला नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग साहेबांचं कोण करणार?"

मी म्हटलं, "मी आहे ना." म्हणायला काय जातं. माझं घर दोन खोल्यांचं, त्यात दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. मावशीने माझ्याकडे बघितलं, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं, आणि म्हणाली, "तुझंच तुला झेपत नाही. मला फसवू नकोस."

शहराच्या कडेला एक निवास आहे. साहेबांसारखी मोठी माणसं तिथे चौघंपाचजण मिळून एकेका घरात राहतात, सोबतीला मदतनीस असतो, दिवसा डबे भरण्याचं वगैरे काम. मी जाऊन बघून आले. अंथरुणं स्वच्छ होती, आणि एकजण दुसऱ्याला "माझा मग घेतलास" म्हणून दमात घेत होता. मला ते घर वाटलं. एक जागा रिकामी होती. व्यवस्थापक म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तपासणी करून घ्या. बौद्धिक अक्षमता आहे असं निदान लागेल. नाहीतर जागा पुढच्याला द्यावी लागेल, मागे रांग आहे." मी मावशीला सांगितलं. तिने "मतिमंद म्हणून शिक्का मारायचा का?" एवढंच विचारलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चल, कधी जायचं?"

तेव्हा मी हुश्श केलं. इथेच चुकलं, कारण त्या आठवड्यात मावशीने काय केलं, तर साहेबांची तयारी करून घेतली.

"तुमचं नाव? पत्ता? आज वार कोणता?" मशीनवर बसून ती विचारायची आणि साहेब हात मागे बांधून उत्तरं द्यायचे. "कुणी विचारलं, येतं का, तर काय म्हणायचं?"

"हो म्हणायचं," साहेब म्हणायचे.

"अगं, साहेबांना काय येत नाही ते बघणार आहेत मावशी!" मी कपाळाला हात लावला.

"परीक्षेला कुणी फाटके कपडे घालून जातं का?" ती म्हणाली, आणि आकाशी रंगाचा सगळ्यात चांगला शर्ट इस्त्रीला काढला. पालथ्या घड्यावर पाणी.

तपासणीच्या मॅडम वयाने माझ्यापेक्षाही लहान होत्या. पेन्सिलीचं मागचं टोक चावलेलं, टेबलावर ठोकळे आणि चित्रांचे पुठ्ठे, खोलीच्या कोपऱ्यात एक छोटा ओटा, शेगडी आणि नळ. मला वाटलं, ही पोर काय सांगणार. पण त्यांनी पहिल्यांदा साहेबांचे कान तपासून घेतले, मग डोळे, मग झोप कशी लागते, कंटाळा येतो का, रडू येतं का, हे सगळं सावकाश विचारलं. मावशी कुजबुजली, "कानाला काय झालंय?" मॅडमनी ते ऐकलं.

"नीट ऐकू येत नसेल, दिसत नसेल, मन खचलेलं असेल, तरी माणूस चाचणीत मागे पडतो," त्या म्हणाल्या. "ते आधी बाजूला काढलेलं बरं. नाहीतर नको ते नाव नको त्याला चिकटतं."

मग त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. बोळात प्लास्टिकच्या खुर्च्या, एक वजनाचा काटा, आणि भिंतीपलीकडून मधूनच साहेबांचं हसणं. मावशी प्रत्येक हसण्याला मान वर करायची. "जमतंय वाटतं त्याला," ती म्हणायची. त्यांना जमलं तर जागा जाणार, आणि नाही जमलं तर हिचं काळीज जाणार. मी उगाच दोनदा वजन करून आले.

बऱ्याच वेळाने आत बोलावलं. साहेब घामेजलेले होते, पण खुशीत.

"आता तुमच्याशी बोलते," मॅडम म्हणाल्या. "कोड्यांचा, ठोकळ्यांचा जो आकडा येतो तो एक भाग झाला. तोही मोजताना थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून मी त्याच्यावर एकट्यावर काही ठरवत नाही. दुसरं म्हणजे रोजचं जगणं. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, व्यवहार, वेळेचं भान, लोकांशी वागणं, कुणी फसवत असेल तर ते कळणं. त्यांच्या वयाचा माणूस जे आपलं आपण करतो, ते यांना मदतीशिवाय किती जमतं? आणि तिसरं, हे लहानपणापासून आहे का? तिन्ही जुळलं तरच बौद्धिक अक्षमता. आणि मदत किती लागेल, हे त्या दुसऱ्या भागावरून ठरतं, आकड्यावरून नाही."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं. आता फक्त खरं बोलायचं होतं.

"आंघोळ स्वतः करतात?"

"करतो की," मावशी म्हणाली. पाणी ती काढून देते, साबण ती हातात देते, 'आता डोकं' हे ती दाराबाहेरून सांगते.

"दुकानातून सामान आणतात?"

"रोज पाव आणतो." साहेब पाकीट दुकानदाराच्या हातात देतात आणि 'घ्या' म्हणतात. दुकानदार भला म्हणून बरं.

"चहा?"

"करतो," साहेब स्वतःच म्हणाले. शेगडीला त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. मी मावशीच्या पायावर पाय दिला. तिने पाय काढून घेतला.

"शर्टाची वरची बटणं काढून परत लावून दाखवाल?"

साहेब उभे राहिले. दोन्ही हातांनी कडा धरल्या, ओढल्या, मग टच, टच. माझ्या नवऱ्यालाही इतक्या लवकर जमणार नाही. मॅडमनी काहीतरी लिहिलं. मी मावशीकडे बघितलं, तर तिचा चेहरा असा फुलला होता, की मुलाला पदक मिळालं असावं. मला तिचा संताप आला, आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

"लहानपणी कसे होते?"

मला वाटलं, आता तरी. पण जीभ वीस वर्षांच्या वळणावरूनच गेली. "लहानपणी फार हुशार होता हो," मावशी म्हणाली. "बाविसाव्या वर्षी ताप आला..."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"मग हे वेगळं होतं," त्या म्हणाल्या. "आकडा खाली आहे. पण तुमच्या सांगण्याप्रमाणे ते बावीस वर्षांपर्यंत ठीक होते आणि आजही सगळं आपलं आपण करतात. असं असेल तर मी हे निदान देऊ शकत नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल, पुढच्या तपासण्या लागतील."

"किती दिवस जातील?" मी विचारलं.

"महिने जातात."

महिनाअखेर दहाबारा दिवसांवर आली होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं. कापडाच्या जाड थानाला धरतात तशी तिची पकड. साहेब तिथेच बसून माझ्याकडे बघून हसत होते. त्यांच्यासमोर काय बोलणार, कुठून सुरुवात करणार! मी एवढंच म्हणू शकले, "मॅडम, आम्ही परत एकदा येऊ का?"

मॅडम साहेबांच्या शर्टाच्या पट्टीकडे बघत होत्या. "शर्ट सुंदर आहे. कुठे मिळाला?"

"मी शिवते," मावशी म्हणाली.

"हो का." त्यांनी पेन्सिल परत उचलली. "पुढच्या आठवड्यात या. घरात कोण, कशाला, किती मदत करतं, ते नीट आठवून या. आणि येताना दुकानातला शर्ट आणा. साधा, तयार."

मी रस्ताभर तोंडाला कुलूप लावून चालले. साहेब मधून चालत होते, एका हाताला आई, एका हाताला मी. घरी आल्यावर साहेब दारात "काय, बरं आहे ना?" करायला गेले आणि माझं कुलूप उघडलं.

"निवासवाले काय तुझ्या शर्टाला ठेवून घेणार आहेत? सांगायचं होतं ना खरं!"

"त्याच्या तोंडावर?" मावशी ओरडली. "त्याच्या तोंडावर सांगू, तुला हे येत नाही, तुला ते येत नाही? बेचाळीस वर्षांत मी एकदाही म्हटलेलं नाही त्याला तसं. त्याला कळतं सगळं. वाईट वाटतं त्याला."

"आणि तो ताप? तो कुठून काढलास? खरंच आला होता का?"

ती खाली बसली. मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसतं मागेपुढे करत राहिली.

"चार वर्षांचा झाला तरी बोलेना," ती म्हणाली. "शाळेत घातला तर बाईंनी एकाच वर्गात किती वर्षं बसवून ठेवला, आणि मग म्हणाल्या, घरी ठेवा. त्याच्या बापाने सांगितलं, हे तुझ्या पोटातून आलंय. सासूने सांगितलं. जो येईल तो माझ्या पोटाकडे बघायचा, छोटे. मग घर बदललं, नवी वस्ती, तेव्हा मी ताप आणला. ताप कुणालाही येतो."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि मी एवढा वेळ उंटावर बसून शहाणपणा सांगत होते. मी तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी शर्ट आणला. मावशीने तो हातात घेतला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "दोरा कच्चा. खांदा बसलेला नाही. काजं बघ, उंदराने कुरतडल्यासारखी. याला शर्ट म्हणतात?" तिने तो घडी करून पिशवीत ठेवला, परत काढला, परत ठेवला. "मी नाही घालणार त्याला हे," ती म्हणाली. आठवडाभर हेच. जायच्या सकाळपर्यंत मला खात्री नव्हती, की ती घरातून निघेल तरी का. माझा जीव टांगणीला लागला होता आणि दुकानात मी एका आजोबांना त्यांच्या सुनेचा चष्मा देऊन बसले.

पण निघालो. साहेबांच्या अंगात आकाशी शर्टच होता. पिशवी मावशीच्या मांडीवर.

मॅडमनी विचारलं, "आणलाय?"

मावशीने पिशवी पुढे केली नाही. घट्ट धरून बसली. मी तिच्याकडे बघत होते, मॅडम बघत होत्या, आणि कुणी तिला घाई केली नाही. मग ती म्हणाली, "साहेब, हा शर्ट घाला बरं," आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी आकाशी शर्ट टचाटच काढला. नवा शर्ट हातात घेऊन आत हात घातला आणि बोटांनी गाठ शोधायला लागले. गाठ नव्हती. उजवा हात डाव्या बाहीत गेला, निघाला, परत गेला. मानेशी फीत नव्हती. शेवटी कसाबसा शर्ट अंगावर आला, एक खांदा वर, एक खाली. मग ते नेहमीसारखे ताठ उभे राहिले, कडा जवळ आणल्या आणि दाबल्या.

आवाज आला नाही.

त्यांनी परत दाबल्या. अंगठ्याने जोर देऊन दाबल्या. कडा सुटल्या. त्यांनी बटण कापडावर ठेवून तळहाताने दाबून धरलं, थांबले, हात काढला. बटण तिथेच लोंबत राहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते आईकडे बघायला लागले. रोज अशा वेळी दोन हात येतात आणि काम होऊन जातं. ते हात आज मावशीने मांडीखाली घालून त्यांवर बसकण मारली होती. तिचं सगळं अंग पुढे झुकलं होतं, पण हात तिने काढले नाहीत.

"मी नाही मोडलं," साहेब म्हणाले. "आई, मी नाही मोडलं."

"नाही रे बाळा," मावशी म्हणाली. "तू नाही मोडलंस."

"पुरे," मॅडम हळूच म्हणाल्या. "बसा साहेब. छान प्रयत्न केलात."

मग मावशी बोलायला लागली, कुणी विचारायच्या आत. मॅडमकडे बघून नाही, कुठेच बघून नाही. "बटण लावता येत नाही. कधीच आलं नाही. आंघोळीला मी दाराशी उभी असते. शेगडीजवळ मी जाऊ देत नाही. पाकीट तो दुकानदाराला देतो. रस्ता एकट्याने ओलांडत नाही. एकदा एकाने 'चल, गाडी दाखवतो' म्हटलं तर निघाला त्याच्याबरोबर, मी धावत जाऊन आणला. घड्याळ कळत नाही, अंधार पडला की रात्र म्हणतो. चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. ताप आला नव्हता मॅडम. ताप कधीच आला नव्हता. तो पहिल्यापासून असाच आहे. माझ्या पोटातून आला तेव्हापासून."

मला वाटत होतं, साहेब आता रडतील. माझे डोळे त्यांच्यावरच होते. ते आईचं बोलणं मान हलवत लक्ष देऊन ऐकत होते, बाजाराची यादी ऐकावी तसे. ती थांबल्यावर त्यांनी वाट बघितली. मग म्हणाले,

"आई, लेस राहिली."

"काय?"

"लेस. बुटाची. तीपण मला येत नाही." मॅडमकडे वळून त्यांनी पक्कं सांगितलं, "लिहा. लेस येत नाही. आणि शर्टाची बटणं खोटी आहेत. आई शिवते."

मॅडमनी लिहिलं. मावशीने मांडीखालचे हात काढले आणि तोंडावर घेतले. चाळीस वर्षं जी गोष्ट तिने त्यांच्यापासून जपली, ती साहेबांना आधीपासून माहीत होती आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. लाज होती ती आमचीच होती. हे मला त्या खुर्चीत बसून कळलं आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मॅडमनी आकाशी शर्ट हातात घेऊन पट्टी उलटवली. टिचबटणं बघितली, बाहीतली गाठ चाचपली. "हेही लिहिते," त्या म्हणाल्या. "मदतीशिवाय काय जमत नाही ते लिहावंच लागतं. पण अशी सोय केली की जमतं, हेही तितकंच महत्त्वाचं. निवासवाल्यांना हे कळायला हवं." मग आणखी बरंच विचारलं. माझ्या आईला फोन लावून साहेबांच्या लहानपणचं तिच्या तोंडूनही ऐकून घेतलं. निदान झालं. मावशीने ते शब्द शांतपणे ऐकले आणि साहेबांना त्यांचा शर्ट परत घातला. टच, टच.

महिनाअखेरीच्या आधी आम्ही निवासात गेलो. साहेबांची बॅग, आत सहा शर्ट. मी आता सुटले असं मला वाटायला हवं होतं, पण मी बॅग हातातून सोडत नव्हते. मावशी भिंतीला हात लावत चालत होती. तिला दार दिसत नव्हतं, पण ते ती कुणाला कळू देत नव्हती. हे शर्ट विरल्यावर पुढे काय, हा प्रश्न आम्ही दोघींनी एकमेकींना विचारला नव्हता.

साहेबांच्या घराचा मदतनीस दांडगा होता. गाडीची चाकं बदलावीत असे हात. त्याने "या साहेब" म्हणून बॅग घेतली. साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"माझी बटणं खोटी आहेत," ते म्हणाले. "आईला आता दिसत नाही. तुम्हाला शिवता येतं का?"

मावशी जागच्या जागी थांबली. तिला दिसत नाही हे साहेबांनाही ठाऊक होतं, आणि ते इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं.

मदतनिसाने आपल्या हातांकडे बघितलं. "नाही हो," तो म्हणाला. "येत नाही मला."

"मला लेस येत नाही," साहेब त्याला धीर देत म्हणाले. "आई शिकवेल."

मावशी आत आली आणि खुर्ची चाचपून बसली. पिशवीतून तिने तो दुकानातला शर्ट काढला, सुईदोरा काढला, टिचबटणांची पुडी काढली. "बसा इथं," ती मदतनिसाला म्हणाली. "सुई ओवा." त्याला ओवायलाच केवढा वेळ लागला. मग तिच्या शेजारी वाकून त्याने पहिलं टिचबटण बसवलं. मावशीसारखी वाईट मास्तरीण मी पाहिलेली नाही, ती कौतुक म्हणून करत नाही. त्याने शर्ट तिच्या हातात दिला. तिने डोळे मिटले आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. साहेब शेजारी उभे राहून बघत होते.

"दोन धुण्यांत गळून पडेल," ती म्हणाली आणि शर्ट परत त्याच्या हातात दिला. "उसव. परत टाके घाल."